तिने ओळखलेले चौघे

मैत्रिणींनो, आजची हकीगत नाशिकची आहे. ५ जून २००३ च्या रात्री एका मळ्यातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जीव गेले. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. त्या माउलीवर आणखी काय गुदरलं, ते आम्ही इथे उगाळत नाही.

पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा जणांना धरलं. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने २००७ मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सगळ्यांनाच फाशी दिली. यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अठराचाही नव्हता!

मग फेरविचाराचा अर्ज झाला, २००९ चा निकाल मागे घेतला गेला आणि अपील नव्याने ऐकलं गेलं. तेव्हा एका कागदाकडे नीट लक्ष गेलं. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जूनला, पोलिसांनी त्या आईला सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते. तिने चार चेहऱ्यांवर बोट ठेवलं होतं. पकडलेल्या सहांपैकी त्यात एकही नव्हता. त्या चौघांवर खटला भरला नाही. पुढे ओळख परेडमध्ये या सहा जणांची ओळख पटली म्हणून शिक्षा झाली. पण दोन दिवसांतली ताजी ओळख सोडून नंतरची धरायची, हे कसं?

यात त्या बाईला बोल लावू नका. तिने सांगितलं होतं. तपासणाऱ्यांनी ते बाजूला ठेवलं.

आणि संशय या लोकांवरच का जातो? १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारायला सुरुवात केली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. गावात पाल पडलं की आपणही कोंबड्या मोजतोच ना?

५ मार्च २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. प्रत्येकाला ५ लाख रुपये द्या आणि तपासात कसूर करणारे अधिकारी शोधून कारवाई करा, असं कोर्टाने राज्य सरकारला बजावलं. त्या झोपडीतल्या पाच जणांना कोणी मारलं, हे मात्र त्या निकालात नाही.