सुट्या पानांचा ग्रंथ

ग्रंथ म्हटला की छापून, बांधून पूर्ण झालेली वस्तू डोळ्यांसमोर येते. वैमानिकांच्या मार्गदर्शिकांचा इतिहास वाचताना आम्हाला मात्र पोथी आठवली. पाने सुटी, आणि संहिता कधीच अंतिम नाही.

१९३०च्या सुमारास एल्रे जेप्पेसन अमेरिकेत टपालाची विमाने चालवीत असे. विमानांसाठी काढलेले नकाशे तेव्हा दुर्मीळच होते. रस्त्यांचे नकाशे आणि रेल्वेचे रूळ यांच्या आधाराने उड्डाणे होत, आणि हवा बिघडली की माणसे दगावत. जेप्पेसनने दहा सेंटची एक वही घेतली. धावपट्ट्यांची लांबी, जमिनीचा उतार, अडथळ्यांची उंची तो तीत टिपू लागला. उंचीमापक घेऊन टेकड्या चढला. हवामान कळवू शकतील अशा शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांकही त्या वहीत होते. सहकारी नकला मागू लागले, तेव्हा १९३४ साली त्याने ती दहा डॉलरला विकायला काढली.

या वहीतून पुढे कड्यांच्या फाईलमधील मार्गदर्शिका घडली. धावपट्टी वाढते, रेडिओची वारंवारता बदलते, नवा मनोरा उभा राहतो. म्हणून ठरावीक मुदतीने दुरुस्तीची पाने टपालाने येत. स्वतःचे छोटे विमान चालवणारा हौशी वैमानिकही घरी बसून जुने पान काढी, नवे घाली. काम कंटाळवाणे खरे. परंतु न फोडलेले पाकीट म्हणजे कालबाह्य पाठावर विसंबून केलेले उड्डाण. पाठभेद नजरेतून सुटला तर आपला निबंध बिघडतो. तिथे जीव जातो.

२००७ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने खासगी वैमानिकांना कागदाऐवजी पडदा वापरण्याविषयी मार्गदर्शन केले, आणि २०१०मध्ये आयपॅड आल्यावर तो पडदा मांडीवर मावू लागला. फायदे उघड आहेत. ओझे गेले, सारी पाने एकदम बदलू लागली, नकाशावर आपले विमान कुठे आहे तेही दिसू लागले. पण भर उन्हात तापून हे यंत्र बंद पडू शकते, बॅटरी संपू शकते. म्हणूनच त्या मार्गदर्शनात माहितीचे दुसरे साधन जवळ ठेवण्याची शिफारस होती.

कागद की पडदा, या वादात एक गोष्ट निसटते असे आम्हाला वाटते. जुना वाचक आपल्या प्रतीचा संशोधकही होता. बदललेले प्रत्येक पान त्याच्या हाताखालून जाई. पडद्यावर दुरुस्ती होते, पण काय बदलले ते वाचकाला कळतेच असे नाही. उड्डाणापूर्वी उपलब्ध असलेली सर्व माहिती करून घेण्याची जबाबदारी अमेरिकी नियम वैमानिकावरच टाकतात. ती कोणत्या माध्यमातून, हे विचारत नाहीत. ताज्या पाठासाठी पडदा घ्यावा, आणि त्या दिवसाच्या मार्गापुरती चार पाने स्वतः वाचून, कागदावर जवळ ठेवावीत. प्रत कोणतीही असो, ती तपासण्याचे काम वाचकाकडेच राहते.