परकोटाच्या सावलीतली घरे

चंद्रपूर, म्हणजे १९६४ पूर्वीचे चांदा, हे परकोटाचे शहर आहे. पंधराव्या शतकात गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपूरची राजधानी इरई-झरपटीच्या संगमाजवळ आणली आणि नव्या नगराभोवती तट घालण्यास आरंभ केला. हे काम पुढे काही पिढ्या चालले. सुमारे ११ किलोमीटरचा घेर, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या असा हा परकोट आजही उभा आहे.

१८१८ मध्ये इंग्रजांनी चांदा घेतले आणि तटाचे लष्करी प्रयोजन संपले. शत्रू उरला नाही, की तटाची निगा हा कोणाच्याच निकडीचा विषय राहत नाही. वस्ती सरकत तटाला भिडली. पुढे १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचे संरक्षण या परकोटास लाभले. १९९२ च्या अधिसूचनेने स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवले. २०१० च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आणले. एकट्या मंदिराभोवतीचे १०० मीटर निराळे आणि ११ किलोमीटर भिंतीच्या दोन्ही अंगांचे १०० मीटर निराळे. येथे स्मारकाच्या परिघात कितीतरी मोहल्ले येतात.

दुसरा कायदा नगरपालिकेचा. २०११ मध्ये चंद्रपूरला महानगरपालिका झाली आणि १९४९ चा महापालिका अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम २६४ प्रमाणे शिकस्त घर पाडण्याची, सावरण्याची वा दुरुस्त करण्याची नोटीस आयुक्त मालकास देऊ शकतात. तीस वर्षांवरील इमारतींची अभियंत्याकडून तपासणीही याच अधिनियमात सांगितली आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने धोकादायक इमारतींच्या श्रेणी ठरवल्या: तत्काळ पाडण्याच्या, रिकाम्या करून दुरुस्त करण्याच्या, राहत्या स्थितीत दुरुस्त करण्याच्या आणि किरकोळ डागडुजीच्या. सरसकट 'पाडा' म्हणण्यापेक्षा हे निश्चितच विवेकाचे होते.

आता पठाणपुऱ्याच्या बाजूचे मातीच्या भिंतींचे, कवेलूंचे एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. एक कायदा म्हणतो, दुरुस्त कर. दुसरा म्हणतो, आधी परवानगी घे. १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती प्रतिबंधित क्षेत्रातही करता येते. पण अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जाण्यास १५ दिवस, प्राधिकरणाच्या अभिप्रायास दोन महिने आणि अंतिम निर्णयास एक महिना अशी मुदत कायद्यातच आहे. विनापरवाना काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मे महिन्यात नोटीस हाती पडली, तर सारे मुदतीत होऊनही परवानगी येईतो अर्धा पावसाळा सरलेला असतो. मालकाने दोहोंपैकी कोणता कायदा मोडावा?

अंमलबजावणी सुटसुटीत करणे म्हणजे नोटिसा भराभर काढणे, असा एक समज आहे. परवानग्यांचे अर्ज आता ऑनलाईन करता येतात, हे स्वागतार्हच. परंतु पंचांग चुकले की संगणकही उपयोगी पडत नाही. परकोटालगतच्या घरांची पाहणी दिवाळीनंतर व्हावी, नोटीस संक्रांतीपर्यंत मिळावी आणि तिच्यासोबतच दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज भरून घेतला जावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन कचेऱ्यांनी एकमेकींचे कागद वाचणे पुरेसे आहे.

आणि खुद्द परकोटाचे काय? ज्याच्यासाठी घराची डागडुजी खोळंबते, त्याच्यावरच झाडझाडोरा माजला होता. २०१७ मध्ये 'इको-प्रो' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तो हाताने उपटण्यास आरंभ केला आणि तटावरची वाट मोकळी केली. त्यांना कोणी नोटीस दिली नव्हती. शिकस्त घराच्या मालकाला जाब विचारणारी व्यवस्था आपल्याकडे आहे; शिकस्त तटाच्या मालकाला, म्हणजे शासनाला, तोच जाब विचारण्याचे काम मात्र नागरिकांवरच पडते.