हेजहॉगचा हिवाळा आणि घरामागची बाग

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर सरत आला की घराघरांमागच्या बागा हिवाळ्यापूर्वी साफ करण्याची लगबग सुरू होते. गळलेली पाने गोळा होतात, वाळक्या फांद्यांचे ढीग जाळले जातात, कुंपणाच्या कडेची झुडपे छाटली जातात. बाग नीटनेटकी दिसू लागते. परंतु त्याच पानांच्या आणि फांद्यांच्या आधाराने हिवाळा काढणाऱ्या एका लहानशा प्राण्याचा निवारा त्यात नाहीसा होतो. हा प्राणी म्हणजे हेजहॉग.

‘हेज’ म्हणजे झुडपांचे कुंपण आणि ‘हॉग’ म्हणजे डुक्कर. कुंपणाच्या बुडाशी नाक खुपसून, डुकरासारखा फुरफुरत भक्ष्य शोधणाऱ्या या प्राण्याला हे नाव शोभते. मराठीत त्यासाठी ‘जाहक’ हा संस्कृत शब्द आहे. मात्र तो बोलण्यात फारसा येत नाही. अंगावरच्या काट्यांमुळे अनेक जण त्याला साळिंदराचा भाऊबंद समजतात. प्रत्यक्षात साळिंदर हा कुरतडणारा, कंदमुळे खाणारा प्राणी आहे, तर हेजहॉगचा आहार भुंगेरे, सुरवंट, गांडुळे आणि बिनशंखी गोगलगायी असा आहे. युरोपीय हेजहॉगच्या पाठीवर सुमारे पाच हजार काटे असतात. संकट जाणवताच तो अंगाचा चेंडू करतो आणि निपचित पडून राहतो.

घटती संख्या

ब्रिटनमधील सस्तन प्राण्यांच्या 2020 मधील लाल यादीत हेजहॉगचा समावेश ‘असुरक्षित’ प्रजातींमध्ये झाला. 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानेही युरोपीय हेजहॉगला ‘संकटाच्या उंबरठ्यावरील’ प्रजातींत ठेवले. 2022 च्या ब्रिटिश अहवालानुसार, सन 2000 पासून ग्रामीण भागातील त्यांची संख्या वेगवेगळ्या ठिकाणी 30 ते 75 टक्क्यांनी घटली आहे. शहरी भागात मात्र ही घसरण थांबल्याची चिन्हे दिसतात. शेताच्या बांधांवरील झुडपे तोडली गेली, कीटक कमी झाले, रस्ते वाढले. त्यामुळे शहरे आणि उपनगरे यांतील बागा हा या प्राण्याचा महत्त्वाचा आसरा ठरला आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या बागाही त्यातच आल्या.

चरबीचा हिशेब

हेजहॉगची शीतनिद्रा साधारणपणे नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालते. थंडीत कीटक मिळत नाहीत आणि रिकाम्या पोटी शरीर उबदार ठेवणे परवडत नाही. म्हणून शरीर आपला खर्चच कमी करते. एरवी 35 अंश सेल्सिअसच्या आसपास असणारे तापमान दहा अंशांच्याही खाली उतरते. मिनिटाला 190 च्या घरात असणारे हृदयाचे ठोके वीसच्या आसपास येतात आणि श्वास जेमतेम चालू राहतो. या काळात शरदात साठवलेली चरबी हीच त्याची शिधासामग्री असते.

ही झोप सलग नसते. हेजहॉग दर काही दिवसांनी जागा होतो. क्वचित जागाही बदलतो. खांद्यांभोवतीची तपकिरी चरबी जाळून तो शरीर पुन्हा तापवतो. अशा प्रत्येक जागरणात साठ्याचा मोठा वाटा खर्ची पडतो. हवा अवेळी उबदार झाली किंवा कोणी घरटे उकरले, तर नको असताना जाग येते आणि वसंतापर्यंत पुरायची चरबी आधीच संपते. म्हणूनच हेजहॉगला करायची बहुतेक मदत शरदातच करावी लागते. एकदा हिवाळा सुरू झाला की त्याला निवांत झोपू देणे हीच सर्वांत मोठी मदत.

सर्वाधिक धोका असतो तो सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या पिल्लांना. आईपासून वेगळे होईपर्यंत ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो आणि पुरेशी चरबी साठवायला वेळच उरत नाही. सुमारे 450 ग्रॅमहून कमी वजनाच्या पिल्लाला हिवाळा पार करणे अवघड जाते.

निवारा

हिवाळी घरटे हेजहॉग स्वतः बांधतो. तोंडात धरून आणलेल्या वाळक्या पानांच्या ढिगात शिरून तो गोल गोल फिरतो. त्यामुळे पाने एकावर एक चपटी बसून जाड, पाऊस न झिरपणारी भिंत तयार होते. यासाठी रुंद पानांचा भरपूर साठा आणि तो अडवून धरणारा फांद्यांचा किंवा झुडपांचा आधार लागतो. बागेचा एखादा कोपरा न झाडता ठेवला आणि तिथे पाने व ओंडके रचून ठेवले, तरी त्याची सोय होते.

लाकडी पेटीही उपयोगी पडते. तिच्या तोंडाशी सुमारे 13 सेंटिमीटर रुंद व तेवढेच उंच बोगद्यासारखे प्रवेशद्वार असावे, म्हणजे मांजर किंवा कुत्रा आत शिरत नाही. पेटी झुडपाखाली, सावलीत ठेवावी. तोंड उत्तरेच्या थंड वाऱ्याकडे नसावे. आत थोडी वाळकी पाने घालून बाकीची जवळ ठेवावीत. कोणी राहायला आले का, हे पाहण्यासाठी झाकण उघडू नये. दाराशी एखादी काडी आडवी ठेवली आणि ती सकाळी सरकलेली दिसली, तर उत्तर मिळते.

वाट

एका रात्रीत हेजहॉग एक-दोन किलोमीटर फिरतो. एकच बाग त्याला पुरत नाही. लागून असलेल्या घरांच्या बंद कुंपणांमुळे त्याचे क्षेत्र तुकड्या-तुकड्यांत विभागले जाते. कुंपणाच्या तळाशी 13 सेंटिमीटर लांबी-रुंदीचे भोक पाडले की ही अडचण दूर होते. 1982 मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्व्हेशन सोसायटीने अन्य एका संस्थेसह 2011 पासून ‘हेजहॉग स्ट्रीट’ ही मोहीम चालवली आहे. शेजाऱ्यांनी मिळून अशी भोके पाडावीत, हा तिचा मुख्य आग्रह आहे.

खाणे-पिणे

शरदात सायंकाळी मांजराचे किंवा कुत्र्याचे मांसयुक्त तयार खाद्य अथवा मांजराची बिस्किटे उथळ ताटलीत ठेवावीत. शेजारी पाणी असावे. पूर्वी ताटलीत दूध-पाव ठेवण्याची पद्धत होती. दूध हेजहॉगला पचत नाही. त्याने जुलाब होतात आणि अशक्त पिल्लू त्यात दगावू शकते. बाजारात मिळणाऱ्या वाळवलेल्या मीलवर्म अळ्या, शेंगदाणे व सूर्यफुलाच्या बिया त्याला आवडतात, पण त्यांत कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस फार असल्याने हाडे ठिसूळ होतात. हिवाळ्यात मध्येच जाग आलेल्या प्राण्यासाठी थोडे कोरडे खाद्य व ताजे पाणी ठेवत राहावे.

टाळता येणारे अपघात

ब्रिटनमध्ये 5 नोव्हेंबरच्या रात्री ठिकठिकाणी होळ्या पेटतात. काही दिवस आधी रचलेला लाकडांचा ढीग हेजहॉगला आयते घरटे वाटते. म्हणून ढीग त्याच दिवशी रचावा. आधी रचला असल्यास पेटवण्यापूर्वी दुसऱ्या जागी हलवावा. गवत कापण्याचे यंत्र फिरवण्याआधी झुडपांखाली पाहावे, कारण यंत्राच्या आवाजाने हेजहॉग पळत नाही, तिथेच अंग आखडून बसतो. खेळाची व भाज्यांवरची जाळी जमिनीपासून वर बांधावी. तळ्यातून बाहेर पडण्यासाठी फळीचा किंवा दगडांचा उतार करावा. गोगलगायींसाठी वापरले जाणारे मेटाल्डिहाइड हे विष ग्रेट ब्रिटनमध्ये 31 मार्च 2022 पासून बागांत वापरता येत नाही. जुना साठा घरात असल्यास तो वापरू नये.

दिवसा दिसला तर

हेजहॉग निशाचर आहे. हिवाळ्यात तो दिवसाउजेडी उघड्यावर पडलेला किंवा झोकांड्या खात चाललेला दिसला, तर बहुधा तो आजारी, उपाशी अथवा गारठलेला असतो. जाड हातमोजे घालून त्याला उंच कडांच्या खोक्यात ठेवावे. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी एका बाजूला अशी ठेवावी, की नकोशी झाल्यास त्याला दूर सरकता येईल. खोके शांत जागी ठेवून लगेच वन्यप्राणी बचाव केंद्राला किंवा पशुवैद्यकाला कळवावे. गारठलेल्या प्राण्याला ऊब येण्याआधी भरवण्याचा प्रयत्न करू नये. घरट्यात झोपलेला हेजहॉग चुकून उघडा पडला, आणि तो धडधाकट दिसत असेल, तर मात्र पाने पुन्हा अंगावर घालून तिथून दूर व्हावे.

मदतीची मर्यादा

ही सारी काळजी हेजहॉग जिथला मूळचा रहिवासी आहे तिथेच योग्य ठरते. स्कॉटलंडच्या साउथ यूइस्ट बेटावर 1974 मध्ये गोगलगायी खाव्यात म्हणून काही हेजहॉग सोडले गेले. ते वाढले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पाणथळ पक्ष्यांची अंडी फस्त करू लागले. पुढे त्यांना मारण्याची, आणि त्यावर ओरड झाल्यावर पकडून मुख्य भूमीवर हलवण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

भारतातही हेजहॉगच्या प्रजाती आहेत. गुजरात आणि राजस्थानच्या कोरड्या प्रदेशात ते आढळतात. गुजरातीत त्यांना ‘शेळो’ म्हणतात. दक्षिणेत मद्रास हेजहॉग आहे. ते बिळांत राहतात आणि त्यांच्यापुढच्या अडचणी वेगळ्या आहेत: मोकळी माळराने आक्रसत चालली आहेत आणि रात्री रस्ता ओलांडताना वाहनांखाली सापडण्याचा धोका त्यांनाही आहे. मोटारीच्या प्रकाशझोतात काटेरी चेंडू दिसला, तर वेग कमी करून त्याला रस्ता पार करू द्यावा.