वारणेचा तह आणि तिसऱ्याची मध्यस्थी

एखादे बलाढ्य राष्ट्र आपल्या शेजारी राष्ट्रावर धाक घालू लागले, तर दूरच्या सत्तांनी मध्ये पडावे की न पडावे, हा प्रश्न युक्रेनच्या युद्धापासून घरोघरी चर्चिला जातो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले तेव्हापासून आमच्या मंडळाच्या बैठकींतही वयोवृद्ध सभासद एक बोलतात, तरुण सभासद दुसरे बोलतात. या वादात भर घालण्याचा आमचा मानस नाही. परंतु ज्या भूमीत आपली घरे आहेत त्या सातारा-सांगलीच्या भूमीने हा प्रश्न एकदा नव्हे, तीनदा अनुभवला आहे, आणि त्याची हकीकत आपल्या मुलाबाळांस ठाऊक असावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा कृष्णेस मिळते. संगमेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांपैकी फारच थोड्यांना हे स्मरते की, हा संगम एके काळी दोन राज्यांच्या सरहद्दीवरील खूण होता. १३ एप्रिल १७३१ रोजी साताऱ्याचे शाहूमहाराज व कोल्हापूरचे संभाजीराजे या चुलतभावांमध्ये जो तह झाला, त्यात वारणेच्या व तेथून पुढे कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख तुंगभद्रेपर्यंत कोल्हापूरकडे आणि उत्तरेकडील साताऱ्याकडे असे ठरले. शाळेत हा तह शिकविताना आम्ही नद्यांची नावे पाठ करून घेत असू. त्या तहापूर्वी काय घडले, हे मात्र क्रमिक पुस्तकात दोन ओळींत आटोपलेले असे.

त्यापूर्वी घडले ते असे. १७२७ च्या सुमारास हैदराबादच्या निजामाने दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी देणे थांबविले. कारण मोठे सोज्वळ होते. मराठ्यांचा खरा राजा कोण, शाहू की संभाजी, हे आधी ठरावे. मग पैसा ज्याचा त्यास देऊ! म्हणजे दोन भावांच्या तंट्यात निजाम पंच होऊन बसला. संभाजीराजे त्याच्या छावणीत गेले. दुर्बळाने सबळाविरुद्ध तिसऱ्याचा आश्रय घेणे हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे, त्यांना एकट्यांना दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. पण पंचाचे लक्ष न्यायाकडे नव्हते, चौथाई वाचविण्याकडे होते. बाजीराव पेशव्यांनी फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेड येथे निजामास कोंडीत पकडले, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहाने त्याला संभाजीराजांचा पाठिंबा सोडावा लागला.

तिसरा दूर झाल्यावरही तंटा लगेच मिटला नाही. १७३० मध्ये वारणेच्या काठी प्रतिनिधींच्या फौजेने कोल्हापूरकरांचा मोड केला. ताराबाईसाहेबांसह राजघराण्यातील स्त्रिया साताऱ्याच्या हाती लागल्या. शाहूमहाराजांनी त्यांस सन्मानाने वागविले. ताराबाई साताऱ्यास राहिल्या, इतरांस परत पोचते केले. १७३१ च्या आरंभी कऱ्हाडनजीक जखिणवाडीस दोघे भाऊ भेटले आणि मग तह झाला. एकाने दुसऱ्याचे नोकर फोडून ठेवू नयेत, एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू मानावा, अशी त्यातील कलमे होती. हा तह बरोबरीच्यांचा नव्हता, हे आम्ही जाणतो; जिंकलेल्याने हात आखडता घेतला म्हणून तो टिकला. पण टिकला खरा. शाहूमहाराजांच्या हयातीत या दोन गाद्यांत पुन्हा मोठे युद्ध झाले नाही.

दुसरी हकीकत पटवर्धनांची. पेशव्यांनी कोल्हापूर व कर्नाटक यांवर नजर ठेवण्यासाठी पटवर्धनांस मिरज प्रांती मोठे सरंजाम दिले आणि वारणेच्या तहाची शांतता हळूहळू विरली. सप्टेंबर १७९९ मध्ये पट्टणकुडी येथे कोल्हापूरकरांशी लढताना परशुरामभाऊ पटवर्धन पडले. त्यांच्या मुलाने सूडासाठी कोल्हापूरला वेढा घातला, त्यात शिंद्यांच्या पलटणीही होत्या. पुढे पुण्याचे राजकारण पालटले आणि वेढा उठला. या धामधुमीतच चिंतामणराव अप्पासाहेब मिरजेहून वेगळे होऊन सांगलीस आले. आज जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या सांगलीचा भाग्योदय हा असा घरच्या भांडणातून झाला.

तोवर पुण्यात तिसरा येऊन बसला होता. यशवंतराव होळकरांनी ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला पराभव केल्यावर दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांचा आश्रय घेतला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. सहा हजारांची फौज पुण्याच्या रक्षणास, तिच्या खर्चास २६ लाखांचा मुलूख, आणि निजाम व गायकवाड यांच्याशी तंटा झाल्यास निवाडा कंपनीचा! पंचाने आपली फी आधीच कापून घेतली होती.

या बाजीरावांच्या मनात पटवर्धनांविषयी पित्याच्या काळापासूनची अढी होती. त्यांचे सरंजाम बुडवावे हा त्यांचा बेत. तेव्हा रेसिडेंट एलफिन्स्टन मध्ये पडले, आणि जुलै १८१२ मध्ये पंढरपूर येथे असे ठरविले की, जहागीरदारांनी पेशव्यांची चाकरी सरंजामाप्रमाणे करावी, सनदेवाचून बळकावलेला मुलूख सोडावा. मग त्यांस इजा होणार नाही, याची हमी कंपनीची. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला कोल्हापूरकरांशीही तह झाला. त्यांनी चिकोडी-मनोळीवरील हक्क सोडले, मालवण इंग्रजांस दिले, आणि कंपनीच्या संमतीवाचून कोणाशी युद्ध करणार नाही असे कबूल केले. बदल्यात त्यांसही संरक्षण.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही हमी नसती तर पटवर्धनांची संस्थाने बहुधा १८१२ मध्येच नष्ट झाली असती. हमी मिळाल्याने ती १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत जगली. वारणाकाठच्या रयतेचे घोड्यांच्या टापांखाली तुडविले जाणारे पीकही वाचले. जे लोक परकी मध्यस्थीस सरसकट विष म्हणतात, त्यांनी त्या शेतकऱ्याचा विचार करावा. चिंतामणराव मात्र विलक्षण मानी पुरुष. पेशवाई बुडाल्यावर कंपनीच्या ध्वजाखाली चाकरी करण्याचे त्यांनी नाकारले आणि चाकरीच्या मोबदल्यात मुलूख तोडून दिला. असे करणारे थोडेच निघाले.

तिसरी हकीकत साताऱ्याची, आणि ती सांगताना मन विषण्ण होते. १८१८ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांस पेशव्यांच्या नजरकैदेतून सोडवून गादीवर बसविले. सोडविले हे खरेच होते. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने वारणा-कृष्णेपासून नीरा-भीमेपर्यंतचे राज्य त्यांच्या वंशाकडे चालावे असे ठरले, परंतु अन्य कोणत्याही सत्तेशी रेसिडेंटच्या संमतीवाचून पत्रव्यवहार करू नये, हे कलमही घातले. वीस वर्षांनी त्याच कलमाचा फास झाला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, कंपनीच्या हिंदी शिपायांस फितविले, असे आरोप ठेवून सप्टेंबर १८३९ मध्ये महाराजांस पदच्युत केले व काशीस पाठविले. आरोप करणारा तोच, चौकशी करणारा तोच, निकाल देणाराही तोच. महाराजांच्या वतीने रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले, १८५३ पर्यंत तेथे झगडले, आणि रिकाम्या हाताने परतले. तोवर प्रतापसिंह काशीस १८४७ मध्ये वारले होते. १८४८ मध्ये शहाजीराजेही निवर्तले. त्यांनी मृत्युसमयी दत्तक घेतला होता. रेसिडेंट फ्रियर यांनी, एवढेच नव्हे तर मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांनीही सातारच्या बाजूने मत दिले. डलहौसींनी ते मानले नाही.

तेव्हा मध्ये पडावे की नाही? आमचे मत असे की, शेजाऱ्याच्या घरात शिरणाऱ्यास अडविणे हे पाप नव्हे. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावानंतर अनेक देशांच्या फौजा गेल्या आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मोकळा झाला. १९७१ मध्ये आपले सैन्य पूर्व बंगालात शिरले आणि मार्च १९७२ मध्ये परत आले. परत आले, हा शब्द आम्ही मुद्दाम लिहितो. पुण्यात १८०२ नंतर आलेली फौज परत गेली नाही.

हमीच्या कागदावर विसंबणे ही निराळीच गोष्ट आहे. १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे युक्रेनने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडून दिली आणि त्या बदल्यात सरहद्दीच्या आदराचे आश्वासन घेतले. आश्वासन देणाऱ्यांत रशियाही होता. २०१४ मध्ये त्याने क्रिमिया घेतला. आता युक्रेनला शस्त्रे देणारे देश शस्त्रे देतात, आपले सैनिक देत नाहीत. हे पुरेसे की अपुरे, यावर आमच्या घरीच दोन तट आहेत. धाकट्या चिरंजीवांना ते अपुरे वाटते. आम्हांस विचाराल तर, मदत करणाऱ्याने मदत करावी, परंतु पुढे तह होईल तेव्हा त्याच्या कलमांवर लेखणी ज्यांची जमीन आहे त्यांची असावी. पंढरपूरला ती एलफिन्स्टनांच्या हाती होती. जखिणवाडीच्या भेटीनंतर जो कागद झाला, तो दोघा भावांचा होता.