घोडबंदर, साल 1675

काशीमिऱ्याचा चौक मागे पडला, घोडबंदर गावात शिरलात, की गाडीतून उतरा. पुढचं पायीच. किल्ल्याची टेकडी चढताना ट्रकांची घरघर विरत जाते आणि शेवटच्या वळणावर तुम्ही 1675 सालात पाऊल टाकता.

खाली उल्हास नदी खाडी होऊन समुद्राकडे निघाली आहे. ओहोटी लागलेली. मचवे चिखलात कलंडलेत, तांडेल भरतीची वाट पाहत गप्पा मारताहेत. काठावर मिठाच्या राशी, सुक्या बोंबलांचा वास, डोंगरातून उतरवलेलं सागाचं लाकूड. "बाजूला हो रं दादा, पाटी लागंल!" कोळीण ओरडते, तुम्ही सरकता. तुमची नजर मात्र घोडे शोधते. अरबांचे घोडे या बंदरात उतरत, त्यावरून गावाला नाव पडलं, असं जुनीजाणती माणसं सांगतात.

वर पोर्तुगीज धनिकाचा वाडा आणि गढी. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर याच साली इथून गेला. गाव मोठं, नेटकं आणि त्याचा मालक गोव्याच्या अलीकडचा सर्वांत श्रीमंत मानला जातो, हे फ्रायरच्या 1698 साली लंडनला छापलेल्या प्रवासवर्णनात आहे. पण बुरुजावरचे पहारेकरी निवांत नाहीत. तीनच वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांच्या फौजेनं इथं धडक दिली होती. हल्ला परतवला गेला, धास्ती राहिली. अजून 62 वर्षांनी, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, ही गढी मराठ्यांकडे येणार आहे. ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

गावामागून वाट रानात शिरते. पळस पेटलेत, ऐनाची पानं पायाखाली चुरचुरतात. दक्षिणेला, डोंगरांच्या पोटात, कान्हेरीची लेणी. एकटे निघू नका, वाघाचं रान आहे. सोबत मिळाली तरच पुढे जा.

आज तेच रान राष्ट्रीय उद्यानात आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. घोडबंदर म्हटलं की आपल्याला वाहतूक कोंडीच आठवते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. किल्ला लहान आहे, तासाभरात पाहून होतो. भरतीची वेळ बघून या, पोरांना सोबत आणा आणि बुरुजावरून त्यांना खाडी दाखवा.