फौजी बापाचे पोर आणि शाळेचे दार

केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशात पहिल्या प्राधान्यगटात सैन्यदलातल्या माणसांची मुले येतात. सैनिक स्कूलमध्येही त्यांच्यासाठी जागा राखून ठेवतात. यावर ‘मेरिट मेले’ अशी बोंब कोणी ठोकल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही. त्याच यादीत अनुसूचित जातीचे १५ टक्के दिसले की मात्र पोटात दुखते. म्हणून सांगतो, फौजी पोरांच्या शाळेचा इतिहास आधी आपल्या घरातला आहे.

१८५६ साली धारवाडात एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. सरकारने नाकारला. एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पडेल, ही सबब. राज्य कंपनीचे. आणि त्याच कंपनीच्या फौजेत देशी शिपायांना व त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते! म्हणजे गावातल्या महाराच्या पोराला दार बंद, छावणीतल्या महाराच्या पोराला न शिकण्याची सवलत नाही. पोर तेच, जात तीच. फरक बापाच्या गणवेशाचा.

सुभेदार रामजी सकपाळ या छावणीतूनच घडले. फौजेच्या शाळेत ते मुख्याध्यापक होते. गोपाळबाबा वलंगकर हेही निवृत्त फौजी. ब्राह्मणी शास्त्रांना लेखणीने आव्हान देणारी आपली पहिली पिढी बहुतेक या पलटणींनी दिली. इंग्रजांनी हे उपकार म्हणून केले नाही, त्यांना हिशेब ठेवणारा, हुकूम वाचणारा शिपाई हवा होता. पण अक्षर एकदा हाती आले की ते मालकाचे राहत नाही.

मग १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली. ‘लढाऊ जाती’ नावाचे थोतांड पुढे आले. नोकरी गेली हे सर्वांना दिसते. पण तिच्याबरोबर पुढच्या पिढीची शाळाही गेली. वलंगकरांनी १८९४ साली भरतीसाठी अर्ज लिहिला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत हाच खेळ चालला.

या मधल्या काळात सुभेदाराचे पोर साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात गेले. तारीख ७ नोव्हेंबर १९००. बसायला घरून नेलेले गोणपाट. नळ शिपायाने सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. बापाने सरकारची इतकी वर्षे चाकरी केली, हुद्दा मिळवला, पेन्शन घेतली. छावणीच्या फाटकाबाहेर त्यातले काहीच चालले नाही. बापाच्या नोकरीवर मिळालेला हक्क नोकरीबरोबर संपतो, तो मुलाचा स्वतःचा नसतो. महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी १९२७ साली जो हक्क मागितला, तो कोणाच्या चाकरीचा मोबदला नव्हता.

आमचा फौजी मुलांच्या प्राधान्याला विरोध नाही, उलट पूर्ण पाठिंबा आहे. दर दोन-तीन वर्षांनी बदली, बाप सीमेवर, पोराची शाळा तुटते. सरकारने केलेले नुकसान सरकारने भरावे, हे रास्तच. पण मग हाच न्याय शतकानुशतके शाळेबाहेर ठेवलेल्यांना लावताना ‘भीक’ हा शब्द कुठून येतो? नुकसान तर आमचेही राज्याने आणि समाजाने मिळूनच केले. धारवाडचा निर्णय सरकारी कागदावरचा आहे.

देशातले पहिले सैनिक स्कूल १९६१ साली उघडले, तेही साताऱ्यातच. भिमाच्या गोणपाटाच्या गावात. आज तिथे अनुसूचित जातीच्या जागाही आहेत आणि सैनिकांच्या मुलांच्याही. पोराला सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसवा. जातीचा दाखला आधीच काढून ठेवा, तहसीलला ऐनवेळी रांग असते.