शॅमेलिऑनमधील आजाराची प्रारंभिक लक्षणे

शॅमेलिऑन (मराठी नावे: सरडगुहिरा, घोयरा सरडा) हा रंग बदलणारा वृक्षवासी सरडा आहे. भारतात याची कॅमेलिओ झेलॅनिकस ही एकच जाती आढळते. महाराष्ट्रात ती विदर्भातील पानझडी जंगलांतही आहे. भक्षकांचे लक्ष टाळण्यासाठी हा प्राणी अशक्तपणा लपवतो. त्यामुळे आजार ठळकपणे दिसेपर्यंत तो बराच बळावलेला असतो आणि प्रारंभिक लक्षणांना महत्त्व येते.

लक्षणे

* डोळे: दिवसा डोळे मिटून राहणे हे गंभीर लक्षण मानले जाते. खोल गेलेले डोळे बहुधा शरीरातील पाणी कमी झाल्याचे, तर सुजलेले डोळे संसर्गाचे किंवा अ जीवनसत्त्वाच्या अभावाचे निदर्शक असतात.
* विष्ठा: विष्ठेसोबतचा युरेटचा भाग निरोगी प्राण्यात पांढरा असतो. तो गडद पिवळा वा नारिंगी झाल्यास पाण्याची कमतरता संभवते.
* हाडे: फांदीवरील पकड सैल होणे, पाय वाकणे, जबडा मऊ पडणे आणि जीभ पूर्ण बाहेर न फेकता येणे ही चयापचयी अस्थिविकाराची लक्षणे होत. कॅल्शियम, ड३ जीवनसत्त्व किंवा अतिनील-ब किरणांचा अभाव ही त्याची प्रमुख कारणे आहेत.
* श्वसन: तोंड उघडे ठेवून मान वर करणे, नाकातोंडातून बुडबुडे वा चिकट स्राव येणे यांवरून श्वसनमार्गाचा संसर्ग सूचित होतो.
* मादी: अस्वस्थपणे जमीन उकरल्यानंतर अंडी न घालता मलूल होणे, हे अंडी अडकल्याचे चिन्ह असू शकते.

सामान्य वर्तनाशी गल्लत

सकाळी ऊब घेताना त्वचा गडद होणे, झोपेत ती फिकट पडणे आणि कडक उन्हात काही वेळ तोंड उघडणे हे आजार नव्हेत. गडद रंग दिवसभर टिकला, भूक मंदावली किंवा वजन सतत घटले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडून तपासणी आवश्यक ठरते.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतीय शॅमेलिऑन पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. येमेन, मादागास्कर येथील साइटिस-सूचीतील जाती बाळगणाऱ्यास २०२२ च्या दुरुस्तीनुसार नोंदणी बंधनकारक आहे. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडसारख्या वनक्षेत्रात आजारी वा जखमी सरडगुहिरा आढळल्यास घरी न नेता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. तो विषारी असल्याचा समज निराधार आहे.